साताऱ्याचे ताट, साताऱ्याच्या वाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्याबाहेरचा पाहुणा महाबळेश्वर पाहून परत जातो आणि जिल्ह्यातला माणूस पाहुणे आल्याखेरीज तेही पाहत नाही. पुढील प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या वर्गातील वाचकांचे आहेत. म्हणजे जे इथेच राहतात, किंवा पुण्या-मुंबईला नोकरी करून सणासुदीला गावी येतात आणि एखादा दिवस हाताशी असताना कोठे जावे व काय खावे हे विचारतात, त्यांचे.

साताऱ्याचे म्हणून नेमके कोणते जेवण आहे?

एकच एक नाही, आणि याचे कारण पावसात आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे माण तालुक्यात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक पडल्यावर ताट सारखे कसे राहील? जावळी, महाबळेश्वर आणि पाटणच्या डोंगराळ भागात भात, नाचणी, वरी आणि मध. कृष्णाकाठी वाई ते कऱ्हाड ऊस, हळद आणि भाजीपाला. कोरेगाव भागात घेवडा. आणि माण-खटावात बाजरी, ज्वारी, हुलगा व मटकी अशी ही सरळ उतरंड आहे. त्यामुळे जे पीक जेथे पिकते तेथे जाऊन ते खावे, हा आमच्या मते सर्वांत भरवशाचा नियम आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडला स्ट्रॉबेरी आणि महाबळेश्वरला हुलग्याची शेंगोळी मागणाऱ्याची निराशा झाली, तर त्यात स्वयंपाक करणाऱ्याचा दोष नाही.

कंदी पेढा इतर पेढ्यांपेक्षा वेगळा कसा, आणि चांगला कसा ओळखावा?

म्हशीच्या दुधाचा खवा कढईत मंद आचेवर, तपकिरी रंग येईपर्यंत परतला जातो, त्यामुळे त्यातील पाण्याचा अंश कमी होतो आणि पेढ्याला खरपूस वास येतो. साखरेचे प्रमाण बेताचे असल्याने पुढे येते ती दुधाची चव. चांगला कंदी पेढा बोटांनी मोडल्यावर रवाळ सुटतो आणि हाताला तूप लागते. तो चिकट किंवा पांढरट असेल, तर परतण्यात घाई झाली आहे असे समजावे. पाण्याचा अंश कमी असल्यामुळे तो काही दिवस टिकतो, म्हणूनच प्रवासात नेण्याची पद्धत पडली. महामार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर त्याचे खोके मिळतात, परंतु वेळ असल्यास शहरात शिरून, जेथे कढई समोर चालू आहे अशा जुन्या दुकानातून पाव किलो घ्यावा आणि तेथेच एक खाऊन पाहावा. दुकानाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण त्यावरून सातारकरांच्या घराघरांत वाद आहेत आणि ते मिटावेत अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही.

घुटे, म्हाद्या आणि अख्खा मसूर हे पदार्थ कोठे मिळतात?

हे तीन पदार्थ तीन वेगळ्या ठिकाणचे आहेत. उडदाच्या डाळीचे घुटे हा घरचा पदार्थ होय. डाळ शिजवून घोटायची, तिला लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीची फोडणी द्यायची आणि गरम भाकरीबरोबर, शक्यतो भाकरी कुस्करून, खायची. कऱ्हाड-पाटणच्या बाजूला थंडीत आणि पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा तरी होते. हॉटेलच्या छापील यादीत मात्र ते क्वचितच दिसेल. त्यासाठी घरगुती खानावळ शोधावी आणि आदल्या दिवशी फोन करून सांगावे. शेंगदाण्याचा म्हाद्या हीदेखील घरचीच, घरात भाजी नसल्याच्या दिवसाची सोय आहे. दाण्याचे कूट, लसूण, तिखट आणि पाणी यांतून उभे राहणारे हे कालवण बाजरीच्या भाकरीशी अतिशय जमते.

अख्खा मसूर मात्र रस्त्यावरचा. कऱ्हाडपासून पुढे सांगली जिल्ह्यातील ईश्वरपूरपर्यंतच्या (पूर्वीचे इस्लामपूर) पट्ट्यातील ढाब्यांनी तो नावारूपाला आणला. सालासकट मसूर कांदा-लसूण मसाल्यात शिजवतात आणि वर तेलाचा तवंग ठेवून रोटीबरोबर देतात. मांसाहार न करणाऱ्यांना रात्री उशिरा महामार्गावर पोटभर आणि स्वस्त असे काही हवे असेल, तर याहून चांगला पर्याय आम्हांला ठाऊक नाही. दाणा अख्खा राहिला पाहिजे पण दाताखाली कच्चा लागता कामा नये, एवढे पाहिले की ढाबा कसा आहे ते कळते.

वाघ्या घेवडा म्हणजे काय?

कोरेगाव तालुक्यात खरीप हंगामात होणारा, अंगावर तांबूस पट्टे असलेला घेवडा. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रात्रभर भिजवून त्याची आमटी किंवा उसळ करतात. दाणा लवकर शिजतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. हॉटेलात शोधत बसण्यापेक्षा कोरेगावच्या बाजारातून नवा माल आल्यावर दोन किलो घरी न्यावा, हे उत्तम.

स्ट्रॉबेरीसाठी कधी जावे? गर्दी टाळता येते का?

डिसेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून तांबडी माती, थंड हवा आणि उताराची जमीन या तिन्ही गोष्टी तिला मानवतात. नाताळ आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. त्यापेक्षा जानेवारीतील एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी निघून भिलारकडे वळावे. भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव तर आहेच, शिवाय ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणूनही ओळखले जाते. गावातील घरांत, देवळांत आणि शाळेत मराठी पुस्तकांची दालने उभी केली आहेत. एका घरी कथा-कादंबऱ्या, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी बालसाहित्य, अशी मांडणी असून कोणीही आत जाऊन, खुर्ची ओढून वाचत बसू शकतो. परक्याच्या ओसरीवर विनाकारण बसून दोन तास पुस्तक वाचणे आणि त्या घरच्यांनी त्यात काहीही वावगे न मानणे, हा अनुभव इतरत्र सहसा मिळत नाही. घरात माणसे राहतात, हे लक्षात ठेवून आवाज आणि चपला बाहेर ठेवाव्यात.

त्याच महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मध घ्यायचा असेल तर रस्त्याकडेच्या बिननावाच्या बाटल्यांपेक्षा तेथे किंवा मधपाळांच्या संस्थेकडे घ्यावा.

गुऱ्हाळ पाहता येते का? कोणी हाकलून तर देणार नाही?

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीनंतर मार्चपर्यंत, कऱ्हाडच्या आसपास गुऱ्हाळे चालू असतात आणि विचारून गेल्यास कोणी नाही म्हणत नाही. जिल्ह्यातील रस्त्याकडेच्या सर्व गोष्टींत आम्ही याला पहिला क्रमांक देऊ, कारण येथे पाहणे आणि खाणे एकाच जागी होते. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत घेतात, खाली चुलवाणात उसाच्याच वाळलेल्या चिपाडांचा जाळ असतो. रस तापू लागला की रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात सोडतात. त्यामुळे मळी वर येते आणि ती काढून टाकता येते. पुढचे काम गुळव्याचे. उकळीचा आवाज, फेसाचा रंग आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी पाहून काहील केव्हा उतरवायची हे तो ठरवतो, आणि तेथे अर्ध्या मिनिटाची चूक झाली तरी ढेप एकतर बसत नाही किंवा काळी पडते. उतरवलेला पाक वाफ्यात ओतून घोटतात आणि मग साच्यांत भरतात.

पाहुण्याने मागायच्या गोष्टी तीन आहेत : ताजा रस, गूळ होण्याआधी काढलेली काकवी आणि वाफ्याच्या कडेला चिकटलेला कोमट गूळ. काकवी बाटलीत भरून मिळते. ती गरम भाकरीवर तुपासह घ्यावी. फिकट पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असला तरी रंग उजळण्यासाठी रसायने वापरली जाण्याची शक्यता त्यातच अधिक असते, म्हणून तपकिरी ढेप निवडावी. लहान मुले बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नये, कारण काहिलीभोवती कठडा नसतो.

हुरडा सातारा जिल्ह्यात मिळतो, की त्यासाठी सोलापूरला जावे लागते?

माण-खटावात ज्वारी आहे, तेव्हा हुरडाही आहे. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, दाणा दुधाळ असतानाच्या मोजक्या आठवड्यांत, शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजतात आणि तळहातावर चोळून दाणे काढतात. सोबत लसणाची चटणी, दाण्याची चटणी, गूळ आणि ताक. दुपारी जेवायला थांबल्यास हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळी मागावी. आता काही शेतकरी पैसे घेऊन अशा हुरडा पार्ट्या ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त संगीताच्या भिंती लावलेल्या जागा टाळाव्यात, असे आमचे मत आहे.

कुत्र्याची समाधी खरोखर आहे का?

आहे. साताऱ्याच्या पूर्वेला, चार-पाच किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर संगम माहुली हे गाव आहे. तेथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीच्या वेळी वाघापासून या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचवले आणि म्हणून त्याला दरबारात मान मिळाला, अशी कथा सांगितली जाते. त्याच परिसरात स्वतः शाहू महाराज, महाराणी येसूबाई आणि महाराणी ताराबाई यांच्याही समाध्या आहेत, म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातील एका सबंध पर्वाची माणसे आणि त्यांचा एक कुत्रा अर्ध्या तासाच्या फेरीत भेटतात. नदीकाठची दगडी देवळे आणि घाटही पाहण्यासारखे आहेत. पावसाळ्यात नदीला पाणी असताना काठावर उतरू नये.

बारा मोटेच्या विहिरीबद्दल पुष्कळ ऐकतो. तेथे विहिरीपलीकडे काय आहे?

विहिरीच्या आतच महाल आहे. पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडे आत, साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब गावाजवळ ही विहीर असून शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरुबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिल्यास तिचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. अष्टकोनी मुख्य विहिरीला जोडून एक आयताकृती भाग आहे आणि या दोहोंच्या मध्ये, पाण्याच्या वर, नक्षीदार खांबांचा छोटा महाल बांधला आहे. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट. एकाच वेळी बारा मोटा चालत, त्यावरून हे नाव पडले, आणि ते पाणी भोवतालच्या आमराईसाठी वापरत.

मे महिन्यातील दुपारी महामार्गावर घामाघूम झालेल्या माणसाने या महालात उतरून बसावे. बाहेरच्या आणि आतल्या हवेतील फरक अंगाला कळतो. आत वाघ-सिंहांची शिल्पे आणि शिलालेख आहे, तो वाचून पाहावा. विहीर शेतजमिनींच्या मधोमध असून वाटेतील रस्ता अरुंद आहे, तेव्हा मोठी गाडी गावातच लावून चालत जावे. पाण्यात बाटल्या टाकणाऱ्या मंडळींना काय म्हणावे, हे येथे लिहिण्यासारखे नाही.

वाईला ढोल्या गणपतीखेरीज काय पाहावे?

प्रथम ढोल्या गणपतीच नीट पाहावा, कारण बहुतेक लोक मूर्तीचे दर्शन घेऊन निघतात आणि देवळाची मागची बाजू पाहतच नाहीत. कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून ही मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले हे देऊळ आजवर पुरात उभे आहे.

तेथून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट प्रसिद्ध आहेत, परंतु घाटावर एका छोट्या मंडपात टांगलेल्या घंटेसमोर थांबावे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक. महादेवाच्या देवळाशेजारी मेरीची घंटा आजही नांदते आहे. गावाला त्याचे काही वाटत नाही, पाहुण्यालाच वाटते. पुढे धोम गावी कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, तोही याच फेरीत होतो.

तलवारीच्या आकाराची विहीर कोठे आहे?

पाटणजवळच्या दातेगडावर, ज्याला सुंदरगड असेही म्हणतात. कातळात खोदलेली ही विहीर वरून तलवारीसारखी दिसते आणि खाली उतरण्यासाठी कातळातच पायऱ्या आहेत. गडाच्या दरवाजाशी गणपती आणि मारुती यांच्या कातळात कोरलेल्या भव्य मूर्ती आहेत. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, म्हणून थंडीत जावे.

सज्जनगड-ठोसेघर रस्त्यावर जेवणाची सोय आहे का?

सज्जनगडावर दुपारचा महाप्रसाद असतो. वेळ साधून गेल्यास पंगतीत बसता येते आणि आपले ताट आपणच घासून ठेवायचे असते. पुढे ठोसेघरच्या धबधब्यापाशी पावसाळ्यात मक्याची कणसे, भजी आणि पिठले-भाकरीच्या टपऱ्या लागतात. धबधब्यापुढे चाळकेवाडीच्या पठारावर मात्र पवनचक्क्या आणि वारा याखेरीज काही नाही, आणि त्यासाठीच तेथे जायचे. जुलैत ढगांतून अचानक एखादे पाते डोक्यावरून फिरून जाते तेव्हा पवनचक्कीची उंची कळते.

कासला जावे का?

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आठवड्याच्या मधल्या वारी आणि ऑनलाइन आरक्षण करूनच जावे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये या पठाराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यापासून सुट्टीच्या दिवशी फुलांपेक्षा माणसे अधिक दिसतात. पठारावरून पुढे बामणोलीला उतरल्यास शिवसागर जलाशयाच्या काठी गोड्या पाण्यातील मासे आणि तांदळाची भाकरी मिळते. आमच्या दृष्टीने कासच्या फेरीतील हा अधिक सुखाचा भाग आहे.

औंधला यमाईचे दर्शन घेऊन लगेच परतावे का?

परतू नये. डोंगरावरच्या मूळपीठाकडे जाताना वाटेतच श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, त्यांनी जमवलेला संग्रह येथे १९३८ पासून आहे. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे, हस्तिदंती काम आणि, ज्याची अपेक्षा खटाव तालुक्यात कोणीही करणार नाही, ते इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याची शिल्पे आहेत त्याचे एक शिल्प बाजरीच्या शिवारांच्या मधोमध पाहायला मिळते. सुट्टीचा वार आधी विचारून निघावे.

सैनिकांचे म्हणून ओळखले जाणारे गाव कोणते?

नागठाण्याजवळचे अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लावण्याची रीत आहे. येथे खाण्यापिण्याचे विशेष काही नाही. महामार्गावरून जाताना थोडा वेळ काढून वळावे एवढेच.

हे सर्व एका दिवसात होईल का?

होणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. एका दिवसाला एकच रस्ता धरावा. वाई, मेणवली, धोम आणि भिलार हा एक. माहुली, कोरेगाव आणि औंध हा दुसरा. लिंब, सातारा, सज्जनगड आणि ठोसेघर हा तिसरा. आणि गुऱ्हाळे, अख्खा मसूर व दातेगड यांसाठी कऱ्हाड-पाटणचा चौथा. कऱ्हाडला असाल तर संध्याकाळी प्रीतिसंगमावर जावे. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि काटकोनात वळून पुढे जातात. काठावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे.

स्वतःची गाडी नसेल तर?

वाई, कोरेगाव, औंध, पाटण आणि कऱ्हाड येथे एसटी जाते. माहुलीला साताऱ्याहून रिक्षा होते. लिंब, दातेगड आणि चाळकेवाडी यांसाठी मात्र वाहन हवेच. एसटीने निघणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बसस्थानकावर विचारून मगच पुढे जावे, विशेषतः माण-खटावच्या बाजूला.

आमच्या घरी तिखट चालत नाही. काय करावे?

मागवतानाच सांगावे. कांदा-लसूण मसाला आधीच रश्श्यात असतो, तो नंतर काढता येत नाही, पण घुटे, पिठले आणि घेवड्याची आमटी कमी तिखट करून मिळू शकते. दही किंवा ताक जास्तीचे मागावे. मटणाच्या खानावळीत तांबड्या रश्श्याचा पहिला घोट वाटीतून न घेता चमच्याने घ्यावा. ‘कमी तिखट’ म्हणजे नेमके किती, याबद्दल आचाऱ्याचे आणि आपले एकमत असेलच असे नाही.

घरी काय न्यावे?

थंडीत काकवी, तपकिरी गुळाची ढेप आणि वाघ्या घेवडा, उन्हाळ्यात मध, आणि बारा महिने कंदी पेढा. स्ट्रॉबेरी न्यायची असेल तर पिकून पूर्ण लाल झालेली आणि अर्धवट पांढरी अशी मिसळून पेटी भरायला सांगावी व ती गाडीच्या डिकीत न ठेवता पायाशी ठेवावी, कारण खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत डिकीतल्या खालच्या थराचा मुरंबा झालेला असतो.